चार मेणबत्त्यांएवढा उजेड

टॉर्चच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो ल्यूमेनचा, म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचा, आकडा. हजार, पंधराशे, तीन हजार. रात्री कयाक, म्हणजे बसून वल्हवायची अरुंद होडी, घेऊन पाण्यात उतरायचं ठरवलं की नवखा माणूस आधी हाच आकडा शोधतो आणि जितका मोठा तितका बरा, असं धरून चालतो. त्यात त्याचं काही चुकतं असं नाही. अंधाराची भीती वाटते म्हणून आपण दिवा घेतो, आणि मग भीती जेवढी मोठी तेवढा दिवा मोठा असायला हवा, हे ओघानंच आलं.

आता दुसरा एक आकडा सांगते. समुद्रावर बोटींच्या टकरा होऊ नयेत म्हणून १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९७७ पासून ते लागू झाले. कुठल्या बोटीनं कुठला दिवा लावायचा, कुठल्या रंगाचा, किती अंशांत दिसणारा, हे सगळं त्यात आहे. त्याच्या एका परिशिष्टात एक छोटंसं कोष्टक आहे: दिवा अमुक अंतरावरून दिसायला हवा असेल, तर तो किती तीव्र हवा. दोन सागरी मैलांसाठी तिथं लिहिलंय ४.३ कँडेला. एक कँडेला म्हणजे साधारण एका मेणबत्तीचा उजेड. म्हणजे स्वच्छ हवेच्या काळोख्या रात्री चार मेणबत्त्यांहून थोडा जास्त उजेड असला, की तो जवळपास पावणेचार किलोमीटरवरून दिसतो.

उलट बाजूनं बघा. टॉर्चचा पल्ला मोजायची जी रूढ पद्धत आहे तिच्यात झोत जिथं पाव लक्सवर येतो तिथं पल्ला संपला असं धरतात. (लक्स म्हणजे वस्तूवर किती उजेड पडतो त्याचं माप.) पाव लक्स म्हणजे जेमतेम पौर्णिमेचं चांदणं. या हिशेबानं दोनशे मीटरवरची वस्तू तेवढी उजळायलाच दहा हजार कँडेलांचा झोत लागतो. दुसऱ्याला पावणेचार किलोमीटरवरून आपण दिसायला चार, आणि आपल्याला दोनशे मीटरवरचं काही दिसायला दहा हजार! कारण अगदी सोपं आहे. बघायचं तर उजेडाला जावं लागतं, वस्तूवर आपटावं लागतं आणि उरलासुरला परत यावं लागतं. आणि पाणी तर त्यातलं फारसं काही परतच करत नाही. तिरक्या झोताला ते पुढेच ढकलून देतं.

रात्रीच्या कयाकिंगसाठी दिवे निवडताना मी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवते. त्यांच्यामुळे खरेदीची यादीच उलटी होते. झोत फेकून वाट शोधणं हे कयाकवर जवळजवळ कधीच करायचं नसतं. आपण इतरांना दिसायला हवं, हातातला नकाशा आणि गाठ आपल्याला दिसायला हवी, आणि वेळ आलीच तर मदत मागता यायला हवी. बाकी सगळं बघायचं काम डोळ्यांचं. आणि डोळ्यांना ते करू द्यायचं, तर बहुतेक दिवे बंद ठेवावे लागतात.

हे मला शिकवलं आमच्या कयाकच्या गटातल्या, वयानं मोठ्या असलेल्या एका गृहस्थांनी. मी कपाळावर हेडलॅम्प लावून, तो पूर्ण जोरात पेटवून पुढे चालले होते. झोताच्या वर्तुळात हिरवट पाणी आणि त्यावरून उडणारे चिलटांसारखे किडे, बाहेर काळी भिंत. ते शेजारी आले आणि म्हणाले, "अगं, विझव तो. तू काही बघत नाहीयेस, नुसतं पाणी उजळतेयस." मी म्हटलं, "काका, मग दिसणार कसं?" "थांब की जरा," एवढंच म्हणाले आणि वल्हवत राहिले.

थांबावं लागतं ते डोळ्यांच्या रचनेमुळे. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी भर उजेडात रंग आणि बारकावे टिपतात, दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. काळोखात शिरल्यावर शंकुपेशी पाच-दहा मिनिटांत त्यांची मजल गाठतात आणि तिथंच थांबतात. दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य मात्र उजेडानं विरघळल्यासारखं नाहीसं झालेलं असतं, ते पुन्हा तयार व्हायला वीस मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. आणि कुणीतरी "अरे, तू इथं आहेस होय!" म्हणून तोंडावर टॉर्च मारली, की घड्याळ पुन्हा शून्यावर.

पण तो अर्धा तास दिला की चित्र बदलतं. आधी आकाश आणि जमीन वेगळी होतात. मग किनाऱ्यालगत जरा फिकट रेघ दिसते, ती लाट फुटण्याची जागा. पाण्यातला न पेटणारा बोया, म्हणजे खुणेसाठी तरंगत ठेवलेला पिंप, आधी नुसता काळपट डाग म्हणून जाणवतो आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे थेट बघितलं की नाहीसा होतो. नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, त्यामुळे रात्री हवी असलेली वस्तू थोडं बाजूला बघून पाहायची असते. तारे बघणाऱ्यांना ही युक्ती पाठ असते. वल्हवणाऱ्यांनीही ती करावी, कारण पाण्याबरोबर तरंगत येणारा ओंडका कुठलाही दिवा लावून येत नाही.

मग लाल दिव्याचं काय, हा प्रश्न येतोच. बऱ्याच हेडलॅम्पमध्ये लाल दिव्याची सोय असते आणि ती उगाच नसते. दंडपेशी लाल रंगाला फारशा जाग्या नसतात, त्यामुळे मंद लाल उजेडात नकाशा वाचला तर अंधाराला सरावलेली नजर बरीचशी टिकते. मंद हा शब्द महत्त्वाचा. भगभगीत लाल दिवा नजर घालवतोच. शिवाय लाल उजेडात कागदावरच्या लाल खुणा गायब होतात. तुम्ही आदल्या दिवशी लाल पेनानं धोक्याच्या जागा वर्तुळात घेतल्या असतील तर नेमक्या त्याच दिसणार नाहीत. मी नकाशावर काळ्या मार्करनं लिहिते आणि अगदी मंद पांढरा दिवा, दोन-चार ल्यूमेनचा, हाताच्या ओंजळीत धरून क्षणभर लावते. हेडलॅम्प घ्यायचा असेल तर त्याचा सगळ्यात मोठा आकडा नाही, सगळ्यात लहान आकडा बघावा. आणि बटण दाबल्यावर तो आधी मंद पेटतो की थेट डोळे दिपवतो, हेही. काही हेडलॅम्पमध्ये लाल दिव्यापर्यंत पोचायला आधी प्रखर पांढऱ्यातून जावं लागतं. असली वस्तू बनवणारा माणूस रात्री पाण्यावर गेलेला नसावा.

हेडलॅम्पचा आणखी एक उपद्रव. माणूस बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतो, आणि दिवाही तिकडेच बघतो. गटात हेडलॅम्प लावलेला सोबती म्हणजे अरुंद रस्त्यावर अप्पर लाइट न पाडणारी समोरची गाडी. तो गळ्यात असावा, विझलेला असावा, आणि गाठ सोडवायची किंवा कुणाच्या खरचटलेल्या बोटाला पट्टी लावायची वेळ आली की वर चढवावा. धुकं असेल तर तर तो लावूच नये. डोळ्यांच्या अगदी जवळून निघालेला उजेड धुक्याच्या कणांवरून सरळ डोळ्यांतच परत येतो आणि पांढऱ्या पडद्याआड आपण आंधळे होतो.

आता दुसऱ्यांना दिसण्याविषयी. तेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथंच सगळ्यात जास्त घोळ.

त्या आंतरराष्ट्रीय नियमांमध्ये पंचविसाव्या कलमात वल्ह्यांवर चालणाऱ्या नावेचा उल्लेख आहे. तिनं हवं तर शिडाच्या नावेसारखे दिवे लावावेत. न लावल्यास पांढऱ्या उजेडाची विजेरी किंवा पेटता कंदील हाताशी तयार ठेवावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवावा. पेटता कंदील! मांडीवर कंदील घेऊन कयाक वल्हवणाऱ्या माणसाचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर नेहमी येतं. पण कंदील सोडला तर नियम शहाणा आहे. त्यातला कळीचा भाग "हाताशी" हा. मागच्या हॅचमध्ये, म्हणजे सामानाच्या बंद कप्प्यात, कोरड्या पिशवीत ठेवलेली उत्तम टॉर्च हाताशी नसते. वीस नॉटनं येणारी मोटारबोट म्हणजे ताशी सदतीस किलोमीटर, सेकंदाला दहा मीटर. ती पाचशे मीटरवर असताना तुमच्या लक्षात आली, तर हातात पन्नास सेकंद आहेत. त्यात ती आपल्याकडेच येतेय हे कळायला दहा गेले, दचकण्यात पाच गेले. वल्हं एका हातात धरून, दुसऱ्या ओल्या हातानं, न बघता टॉर्च निघाली आणि पेटली पाहिजे.

ती आपल्याकडे येतेय हे ओळखायचं कसं, तर तिच्या दिव्यांवरून. चालत्या बोटीच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, आणि प्रत्येकाचा उजेड समोरून सुरू होऊन बाजूच्या थोडा मागेपर्यंत, ११२.५ अंशांत दिसतो. नुसता लाल दिसला म्हणजे तिची डावी बाजू आपल्याला दिसतेय, ती आपल्या डावीकडे निघालीय. नुसता हिरवा दिसला तर उजवीकडे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, की तिचं तोंड थेट आपल्याकडे आहे. रात्री कयाकवर बसून सगळ्यात आधी हेच शिकायला हवं, कुठलाही दिवा विकत घेण्याच्या आधी.

टॉर्च दाखवायची तीही बेतानं. एकदा तिच्या दिशेनं, म्हणजे इथं कुणीतरी आहे हे कळेल. पण चालकाच्या डोळ्यांवर रोखून ठेवायची नाही, कारण आंधळा झालेला चालक न बघणाऱ्या चालकापेक्षा बरा नसतो. मग झोत स्वतःवर घ्यायचा: वल्ह्याच्या पात्यावर, जॅकेटवर, कयाकच्या पुढच्या डेकवर, म्हणजे वरच्या बंद पाठीवर. अंधारात नुसता पांढरा ठिपका जवळ आहे की लांब, बोट आहे की किनाऱ्यावरचा बल्ब, काही कळत नाही. उजळलेलं पातं आणि खांदे दिसले की माणूस आहे हे कळतं. शिडाच्या छोट्या बोटी अशा वेळी स्वतःच्या शिडावर टॉर्च मारतात, तसलाच हा प्रकार. त्यासाठी पाती फिकट रंगाची असणं फार उपयोगी पडतं. काळी कार्बनची पाती दिसायला देखणी असतात, रात्री मात्र दिसतच नाहीत.

हाताशी टॉर्च एवढ्यावर भागेल का? निर्मनुष्य पाण्यात, जिथं येणारी प्रत्येक बोट आपल्याला लांबून दिसेल तिथं भागेल, असं माझं मत. पण मोटारबोटींची ये-जा असेल तिथं सतत पेटता पांढरा दिवा हवाच, कारण प्रत्येक वेळी तुम्हीच आधी बघाल याची खात्री नाही. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून सुमारे ऐंशी सेंटिमीटर उंचीवर असतात. तिथून क्षितिजच जेमतेम सव्वातीन किलोमीटरवर असतं, आणि मध्ये लाटा. काही देशांत, काही जलाशयांत स्थानिक नियम याहून कडक असतात, कुठं रात्री उतरायलाच मनाई असते. ते आधी बघून घ्यावं, हे वेगळं सांगायला नको.

हा पांढरा दिवा चारी बाजूंनी दिसायला हवा. ऐकायला सोपं वाटतं. एका संध्याकाळी आम्ही मुद्दाम त्याची परीक्षा घेतली. एकानं किनाऱ्याजवळ थांबायचं, दुसऱ्यानं दिवा लावून लांब जायचं आणि तिथं हळूहळू गोल फिरायचं. मी थांबले होते. सोबत्याच्या मागच्या डेकवर सक्शन कपानं चिकटवलेला छोटा दिवा होता, एक वीतभर उंच. तो पाठमोरा जात होता तोवर दिवा छान दिसला. तो वळला आणि माझ्याकडे तोंड करून यायला लागला, तसा दिवा गेला. पूर्ण गेला, त्याच्या पाठीमागे लपला. म्हणजे ज्या बाजूनं समोरासमोर टक्कर व्हायची त्या बाजूनं तो अदृश्य. मधूनच तो वल्ह्यासाठी अंग फिरवायचा तेव्हा खांद्याआडून एक लुकलुक व्हायची, की वाटावं पाण्यावर चंद्राचा तुकडा हलला. पुढे आम्ही जागा बदलली आणि तो अशा ठिकाणी गेला, जिथं त्याच्या मागे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दिव्यांची रांग होती. आता दिवा पेटलेला असूनही मला तो त्या रांगेतून वेगळा काढता येईना. कुठला ठिपका हलतोय हे बघत बसावं लागलं. चार मेणबत्त्यांचं गणित काळोख्या पार्श्वभूमीचं आहे. किनाऱ्याचा झगमगाट मागे असला की ते गणित कोलमडतं.

ज्यांना रात्री वल्हवायचंय त्यांनी ही परीक्षा एकदा तरी घ्यावी. आपण लावलेला दिवा आपल्याला कधीच दिसत नाही, तो दुसऱ्याच्या जागी जाऊनच बघावा लागतो.

उपाय म्हणून लोक दांडीवर दिवा लावतात. मागच्या डेकवर उभी केलेली काठी, डोक्याच्या वर जाईल एवढी, टोकाला दिवा. त्यानं दिवा चारी बाजूंनी दिसतो आणि आपल्या पाठीमागे असल्यानं आपली नजर शाबूत राहते. पण कयाक उलटली आणि पाण्यातून पुन्हा चढायचं झालं तर माणूस बहुधा मागच्या डेकवर पोटानं सरकत येतो. नेमकी तिथंच काठी. म्हणून ती दुमडता किंवा चटकन काढता येण्यासारखी हवी, दोरीनं कयाकला बांधलेली हवी, आणि ती लावलेली असताना चढून बघायचा सराव आधी दिवसा व्हायला हवा. हे जमत नसेल त्यांनी जॅकेटच्या खांद्यावर मागच्या बाजूला दिवा लावावा. तो समोरून नीट दिसत नाही हे मान्य, पण त्याची एक गोष्ट मला पटते: माणूस आणि कयाक वेगळे झाले तर दिवा माणसाबरोबर राहतो. रिकामी कयाक वाऱ्यावर भराभर दूर जाते, आणि तिच्यावरचा दिवा शोधणाऱ्यांना तुमच्यापासून लांब नेतो. माझ्यापुरतं मी ठरवलंय की एक दिवा होडीवर आणि एक अंगावर. अंगावरचा एरवी बंद.

रंगीत दिव्यांचा सोस मात्र मला समजत नाही. कयाकच्या कडेनं निळ्या-हिरव्या एलईडी पट्ट्या, मागे हिरवी ग्लोस्टिक, म्हणजे वाकवली की चमकणारी कांडी, टोपीवर लाल दिवा. फोटो झकास येतात. पण पाण्यावर लाल आणि हिरवा हे रंग मोकळे नाहीत, त्यांना अर्थ आहे. मागे हिरवी कांडी लटकवलेली कयाक दुसऱ्या बोटीला एखाद्या नावेची उजवी बाजू वाटू शकते. नकाशा वाचायला लावलेला लाल दिवा कपाळावर तसाच राहिला तर तो बाहेरून डावीकडच्या दिव्यासारखा दिसतो. नियमही हेच म्हणतात: ठरलेल्या दिव्यांशी गल्लत होईल असे दुसरे दिवे लावू नयेत. पुढे लाल-हिरवा जोडदिवा लावणं नियमात बसतं, पण तो पाण्यालगत असतो, लाटेत लपतो आणि डेकवर परावर्तित होऊन आपल्याच डोळ्यांत येतो. मी त्याच्या वाटेला जात नाही.

लुकलुकणाऱ्या स्ट्रोबविषयीही थोडं. तो फार लक्ष वेधतो म्हणून काही जण तो चालता ठेवतात. लक्ष वेधतो हे खरंच, पण त्याचं अंतर कळत नाही, सोबत्यांची नजर जाते, आणि त्याचा अर्थच वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय नियम लक्ष वेधण्यासाठी प्रखर लुकलुकते दिवे टाळा म्हणतात. अमेरिकेच्या अंतर्गत जलमार्गांच्या नियमांत तर मिनिटाला ५० ते ७० वेळा लुकलुकणारा प्रखर पांढरा दिवा हा संकटाचा संकेत आहे. मोठ्या जहाजांवरच्या लाइफ जॅकेटचा दिवा लुकलुकता असेल तर त्याचा ठेकाही हाच, आणि तो किमान आठ तास चालावा लागतो. तेव्हा स्ट्रोब हा जॅकेटला बांधलेला, चाचणी केलेला आणि विझलेला असावा. लांब पल्ल्याला, उघड्या समुद्रावर जाणारे हातात धरायचा लाल फ्लेअरही, म्हणजे संकटात पेटवायची नळी, नेतात. त्याचा झगझगाट जबरदस्त असतो. जहाजांच्या जीवरक्षक सामानातला फ्लेअर पंधरा हजार कँडेलांनी जळतो, पण तो किमान एक मिनिट जळावा एवढीच अट आहे. म्हणजे समोर कुणीतरी बघणारं असेल तेव्हाच तो पेटवायचा.

या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि कधीही न विझणारी गोष्ट म्हणजे परावर्तक टेप. तिच्यातले बारीक काचेचे मणी किंवा लोलक उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, त्यामुळे टॉर्च धरणाऱ्याला ती लखकन दिसते आणि शेजारी उभ्या माणसाला तितकीशी नाही. म्हणजे शोधायला कुणी दिवा घेऊन निघालं असेल तरच तिचा उपयोग. पण तेव्हा मोठा उपयोग. वल्ह्याच्या पात्यांवर, दोन्ही बाजूंना लावली तर पातं वर-खाली होताना ती उघडझाप करते आणि हलणारी गोष्ट डोळ्याला लगेच कळते. कयाकच्या तळाला लावायला विसरू नये. उलटलेल्या कयाकचा तळच वर असतो.

सामानाबद्दल माझे काही हट्ट आहेत. पहिला म्हणजे जास्तीचे सेल बरोबर नेण्यापेक्षा दुसरी टॉर्च न्यावी. डुलत्या कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोबणीत, ओल्या हातांनी, अंधारात टॉर्चचं झाकण उघडून सेल घालणं म्हणजे एकाऐवजी दोन गोष्टी पाण्यात घालवणं. दुसरा हट्ट बटणाचा. ते हातमोज्यातून चाचपता आलं पाहिजे आणि पिशवीत आपोआप दाबलं जाता कामा नये. मोबाइलचा दिवा मी दिव्यांत धरतच नाही. ओल्या बोटाला तो पडदा दाद देत नाही.

पाणी आत न शिरण्याच्या खुणाही नीट वाचाव्यात. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. आयपीएक्स-८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते बनवणाऱ्यानं सांगायचं. सातच्या खाली मी जात नाही. पण ही परीक्षा गोड्या पाण्यातली, कोऱ्या वस्तूची. झाकणाखालच्या रबरी कड्यावर वाळूचा एक कण बसला की सगळे आकडे खोटे. चार्जिंगचं रबरी बूच तर आणखीच नाजूक. म्हणून खाऱ्या पाण्यातून आल्यावर झाकण बंद ठेवूनच दिवा गोड्या पाण्यानं धुवायचा, पुसायचा, मग उघडायचा, आणि अधूनमधून त्या कड्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावायचं. सेल काढून ठेवायचे. अल्कलाइन सेल आत राहून पाझरले की आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात. लिथियमचे एकदा वापरायचे सेल हलके असतात, थंडीत दगा देत नाहीत, मात्र ते शेवटपर्यंत ताठ चालतात आणि मग एकदम मान टाकतात. अल्कलाइन निदान पिवळे पडत पडत सांगून तरी जातात. आणि खोक्यावर लिहिलेले "चाळीस तास" बहुधा उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात, हे ध्यानात ठेवावं.

टॉर्च बांधायची दोरी हात पुरता लांब करता येईल एवढीच असावी. त्याहून लांब झाली की ती गळ्याभोवती, वल्ह्याभोवती, नाहीतर स्प्रे-डेकच्या (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती कॉकपिटवर ताणलेल्या कापडाच्या) ओढायच्या पट्ट्याभोवती गुंडाळते, आणि कयाक उलटल्यावर तो पट्टा ओढूनच बाहेर पडायचं असल्यानं त्याला दुसरं काहीही अडकलेलं चालत नाही. ज्यांच्या डेकवर होकायंत्र आहे त्यांनी शेपटाला चुंबक असलेली टॉर्च त्याच्याजवळ ठेवू नये. सुई मुकाट्यानं टॉर्चकडे वळते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवून भलतीकडे जातो.

गट असेल तर दिव्यांचं आधी बोलून ठरवावं. सगळ्यांच्या पाठीवर पांढरे दिवे आणि सगळे एकामागे एक, असं असलं की मागच्याला रात्रभर पुढच्याच्या दिव्याकडे बघत जावं लागतं. शेजारी शेजारी चालावं. पुढचा कोण, शेवटचा कोण, टॉर्चची एक लुकलुक म्हणजे काय आणि तीन म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच बोलावं, आणि मधूनमधून कुणीतरी दिवे मोजावेत. आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं पौर्णिमेच्या आसपासची रात्र निवडावी. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो. नंतर रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. चार-पाच दिवसांनी गेलात तर सुरुवातीचे काही तास पुरता काळोख असतो, हे पंचांग न बघणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

निघण्याआधी मी एक चिठ्ठी लिहून किनाऱ्यावरच्या कुणाकडे तरी देते. किती कयाक, कुठल्या रंगाच्या, कुठून कुठं, किती वाजेपर्यंत परत. त्याखाली दिव्यांची एक ओळ असते: मागे काठीवर पांढरा स्थिर दिवा, जॅकेटवर स्ट्रोब, तो फक्त संकटात. परत यायला उशीर झालाच आणि कुणाला शोधायला निघावं लागलं, तर पाण्यावरच्या शंभर ठिपक्यांतला कुठला बघायचा हे त्यांना ठाऊक असावं. परत आल्यावर ती चिठ्ठी मागून घ्यायची आणि फाडायची, नाहीतर लोक उगाच शोधत बसतात.